खालच्या खणातील कादंबऱ्या

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत पुस्तकांच्या कपाटाची मांडणी बहुधा ठरलेली असते. सर्वांत वरच्या खणात ज्ञानेश्वरी, दासबोध, एकनाथी भागवत. त्याखाली श्री सयाजी साहित्यमालेतील जाड पुठ्ठ्यांचे ग्रंथ, हरिभाऊ आपटे, तात्यासाहेब केळकर. त्याखाली आजोबांची कायद्याची किंवा वैद्यकाची पुस्तके. आणि अगदी तळाच्या खणात, वाकल्याशिवाय हाती न लागणाऱ्या जागी, तपकिरी कागदाची कव्हरे घातलेल्या कादंबऱ्या. वरच्या खणातील ग्रंथ पाहुण्यांना दिसावेत म्हणून, आणि खालच्या खणातील घरच्यांना सापडावेत म्हणून, अशी ती सोय असते.

गेल्या उन्हाळ्यात दांडिया बाजाराच्या बाजूचा एक वाडा रिकामा व्हायचा होता. मुले परगावी, नातवंडे परदेशी. घरात एकट्या आजी. पुस्तकांपैकी कोणती ठेवावीत आणि कोणती पस्तीत घालावीत, हे सांगण्यासाठी त्यांच्या चिरंजीवांनी आम्हांस बोलावले होते. आम्ही सवयीने वरच्या खणांकडे बोट दाखविले आणि तळाच्या खणाकडे पाहून म्हटले, “या कादंबऱ्या जाऊ द्यायला हरकत नाही. प्रेमकथाच आहेत सगळ्या.” आजी पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, तुम्ही वाचल्या आहेत का त्या?”

आम्ही म्हणालो, “चाळल्या आहेत.”

“चाळून कसं कळतं?” एवढेच विचारून आजींनी तो विषय सोडला. आम्हांस मात्र तो सोडता आला नाही. वरच्या खणातील कित्येक ग्रंथांची पाने अद्याप कापलेलीही नव्हती. खालच्या खणातील एकही पुस्तक असे नव्हते की ज्याची शिवण सैल झालेली नाही. जे पुस्तक घराने वाचले ते टाकाऊ आणि जे केवळ मिरविले ते संग्राह्य, असा निवाडा आम्ही पाच मिनिटांत देऊन बसलो होतो. प्रस्तुत लेख हे आजींच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम शब्दापासूनच आरंभ करू. इंग्रजी राजवटीत हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे आला तेव्हा त्याला नाव देण्याचा प्रश्न प्रत्येक भाषेपुढे उभा राहिला. आपल्या गुजराती शेजाऱ्यांनी ‘नवलकथा’ हा शब्द पत्करला. मराठीने मात्र ‘कादंबरी’ म्हटले, आणि कन्नडनेही तेच केले. कादंबरी हे एका तरुणीचे नाव आहे. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने जी गद्यकथा रचावयास घेतली आणि जी त्याच्या मागे त्याच्या मुलाने पुरी केली, तिची ती नायिका. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता अशा दोन जोडप्यांचे प्रेम, मृत्यूनेही न तुटणारा वियोग आणि जन्मांतरानंतरचे मीलन हा त्या कथेचा विषय. म्हणजे ज्या भाषेने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला प्रेमकथेतील नायिकेचे नाव दिले, त्याच भाषेच्या समीक्षेने पुढे ‘नुसती प्रेमकथा’ हा शब्दप्रयोग हेटाळणीसाठी वापरावा, हे नवलच. याच ‘कादंबरी’चे पद्य रूपांतर पाटणच्या भालणाने जुन्या गुजरातीत केले होते, हेही येथे आठवते.

मराठी कादंबरीच्या जन्मकाळीच दोन प्रवाह दिसतात. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पुस्तकाने विधवांच्या दुःखाचा प्रश्न मांडला. तर लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने (१८६१) संकटे, वियोग आणि पुनर्मीलन यांची अद्भुतरम्य वाट धरली. पहिला प्रवाह प्रश्नाचा, दुसरा इच्छेचा. समीक्षेने पहिल्याला साहित्य मानले आणि दुसऱ्याला करमणूक. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा प्रदीर्घ निबंध लिहिला, तेव्हापासून अद्भुत आणि वास्तव यांची तुलना आपल्या विचारविश्वात कायमची येऊन बसली. ही तुलना निरर्थक नाही. परंतु इच्छा हीदेखील माणसाच्या आयुष्यातील एक वास्तव गोष्ट आहे, याचा विसर त्या तुलनेत पडतो. ज्या काळी मुलीला तिच्या लग्नाविषयी कोणी विचारीत नसे, त्या काळी ‘मला कोण हवे आहे’ असे स्वतःशी म्हणणारी नायिका हे स्वप्नरंजन खरेच. पण त्या स्वप्नातच एक प्रश्नही होता, आणि तो वाचणाऱ्या मुलीला बरोबर ऐकू येत होता.

येथे बडोद्याचा विशेष सांगितला पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू केले आणि त्यात मुलींनाही घेतले. १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून ग्रंथालयांची योजना उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, पेट्यांतून फिरणारी पुस्तके, स्त्रिया व मुले यांच्यासाठी वेगळी सोय, असे तिचे स्वरूप होते. राज्याने वाचणारी स्त्री घडविली. तिने काय वाचावे हे मात्र कोणत्याही हुजूरहुकुमाने ठरणार नव्हते. महाराजांच्या ग्रंथमालांतून इतिहास, तत्त्वज्ञान, शास्त्रे यांवरील उत्तमोत्तम पुस्तके निघाली आणि त्यांचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे. परंतु दुपारी स्वयंपाकघर आवरल्यानंतर मिळणाऱ्या तासा-दीड तासात घराघरांतून जे उघडले जाई, ते दुसरेच काही असे.

१९३४ साली बडोद्यात ना. गो. चापेकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. १९०९ आणि १९२१ नंतर या नगरीतील हे तिसरे संमेलन होते. त्या वेळी मराठी प्रेमकादंबरी ऐन भरात होती. ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९), ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या होत्या. फडक्यांविषयी लिहिताना आजही पुष्कळांचा सूर थोडा चढतो. त्यांचे नायक देखणे आणि सुशिक्षित, नायिका चतुर, प्रसंग योगायोगाने जुळलेले आणि भाषा इस्त्री केल्यासारखी, हे सारे आक्षेप खरे आहेत. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी तंत्राचे जे विवेचन केले, त्यावरून त्यांनी लेखनाची कृती सांगितली, असा उपहासही झाला.

तथापि फडके आज पुन्हा वाचताना आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. त्यांच्या पुस्तकांत स्त्री आणि पुरुष एकमेकांशी बोलतात. सासरा, नणंद, गुरुजी यांच्या देखत नव्हे, तर दोघेच. कॉलेजात, टेकडीवर, तळ्याकाठी ते भेटतात, थट्टा करतात, रुसतात, वाद घालतात. वाड्यात राहणाऱ्या आणि नवऱ्याशी दिवसा चार शब्द बोलण्याचीही चोरी असलेल्या त्या काळच्या वाचक स्त्रीला हा संवाद हेच खरे आकर्षण होते. त्यांतील श्रीमंती ही केवळ सजावट. पुरुषाने आपले म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्यावर उत्तर द्यावे, या साध्या अपेक्षेला मराठी गद्यात आकार देण्याचे श्रेय फडक्यांच्या पदरी घातले पाहिजे.

वि. स. खांडेकरांची गोष्ट वेगळी. त्यांनी प्रेमाला कर्तव्याच्या शेजारी नेऊन बसविले, आणि पुष्कळदा कर्तव्यालाच अधिक बोलू दिले. त्यांच्या उपमा-सुभाषितांचा भार आज जड वाटतो. परंतु ‘ययाति’मध्ये (१९५९) देवयानी, शर्मिष्ठा आणि कच यांच्या द्वारा वासना आणि प्रेम यांतील अंतर त्यांनी ज्या गांभीर्याने पाहिले, त्याची बरोबरी करणारे पुस्तक आपल्या लोकप्रिय वाङ्मयात विरळा. या कादंबरीला १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले आणि ती वरच्या खणात गेली. पण ती वाचली गेली ती खालच्या खणातल्या ओढीनेच. खांडेकर गुजरातीत गेले ते मुख्यतः गोपाळराव विद्वांस यांच्या अनुवादांमुळे. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस मराठी घरात आणि गुजराती घरात एकाच नायिकेसाठी डोळे ओले व्हावेत, ही गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या कुटुंबांना विशेष वाटावी.

गुजराती शेजाराचा उल्लेख निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो. गोवर्धनराम त्रिपाठी यांची ‘सरस्वतीचंद्र’ (१८८७ ते १९०१) ही चार भागांची महाकादंबरी कुमुद आणि सरस्वतीचंद्र यांच्या न जुळलेल्या प्रेमावर उभी आहे. आणि गुजराती समीक्षेने तिला पंडितयुगाचे शिखर मानले. बडोदा कॉलेजात शिकलेल्या कन्हैयालाल मुनशींच्या ‘गुजरातनो नाथ’ मधील काक आणि मंजरी यांची जोडी तर वाचकांच्या तोंडी आजही आहे. त्या भाषेत प्रेमकथा लिहिल्याने लेखकाची प्रतिष्ठा उणावली नाही. आपण मराठी मंडळी या बाबतीत अंमळ अधिक सोवळी राहिलो, असे खेदाने म्हणावे लागते.

बरे, हे सोवळेपण तरी खरे होते काय? वरच्या खणाकडे पुन्हा एकदा पाहू. तेथे एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आहे. उपवर मुलीने त्याचे पारायण करावे, म्हणजे मनाजोगा वर मिळतो, अशी आपल्या घरांतून श्रद्धा होती. त्या ग्रंथात काय आहे? घरच्यांनी ठरविलेला वर नको असलेली मुलगी आहे, तिने स्वतः लिहिलेले पत्र आहे, आणि तिच्याच संमतीने झालेले हरण आहे. आणि या वडोदरा शहराचे स्वतःचे कवी प्रेमानंद? सतराव्या शतकात माणेवर बोटांतील अंगठ्यांचा ताल धरून त्यांनी जी आख्याने गायिली, त्यांत ‘नळाख्यान’ आहे आणि ‘ओखाहरण’ आहे. बाणासुराची कन्या स्वप्नात पाहिलेल्या अनिरुद्धावर अनुरक्त होते, सखी चित्रलेखा त्याला पलंगासह उचलून आणते आणि बापाच्या पहाऱ्यात त्या दोघांचा संसार सुरू होतो, ही कथा गुजरातेत चैत्र महिन्यात भक्तिभावाने वाचली जाते. तीच कथा ओखा आणि अनिरुद्ध यांऐवजी नीला आणि निशिकांत अशा नावांनी छापली, की आपण तिला कव्हर घालतो.

या आख्यानांवरून प्रेमकादंबरीविषयीच्या एका नेहमीच्या आक्षेपाचे उत्तरही मिळते. ‘शेवट आधीच ठाऊक असतो, मग वाचावयाचे काय?’ असे विचारले जाते. दमयंतीला नळ पुन्हा मिळणार हे माणभट्टासमोर बसलेल्या प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते. तो ऐकावयास येई ते काय होणार यासाठी नव्हे, तर कसे होणार यासाठी. अर्धे वस्त्र फाडून नळ निघून जातो त्या क्षणी कवी किती थांबतो, यासाठी. प्रेमकादंबरी हा वाङ्मयप्रकार त्या अर्थाने आख्यानाचा वंशज आहे. त्यात वाचकाशी एक करार असतो: दोघांची भेट होईल, मध्ये अडथळा येईल, आणि तो दूर होईल. लेखकाचे कसब पाहावयाचे ते अडथळ्यात. तो बाहेरून आणून ठेवलेला आहे, की त्या दोघांच्या स्वभावातून उगवलेला आहे? हरवलेले पत्र, खोटी बातमी, अपघातातील स्मृतिभ्रंश हे बाहेरचे अडथळे. मानीपणा, भीती, जुनी जखम, घरची जबाबदारी हे आतले. चांगली प्रेमकादंबरी आणि सुमार प्रेमकादंबरी यांतील भेद येथे आहे. प्रेम हा विषय असण्या-नसण्यात तो नाही.

ही कसोटी लावली म्हणजे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ने एवढी खळबळ का उडविली, ते कळते. विभावरी शिरूरकर या नावामागे कोण आहे याचीच चर्चा तेव्हा अधिक झाली. त्या नावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या कथांतील सुशिक्षित, मिळवत्या मुलींच्या प्रेमाच्या आड येतो तो कोणी खलनायक नव्हे. मुलीच्या मिळकतीवर विसंबलेले तिचे स्वतःचे घर आड येते. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीतील नवऱ्याने टाकलेली अचला प्रेमाचा आणि मातृत्वाचा हक्क मागते. फडक्यांच्या नायिकेला जे अलगद मिळते, ते मागितले तर काय किंमत पडते, याचा हिशेब विभावरींनी मांडला. प्रश्न आणि इच्छा हे दोन प्रवाह येथे एकत्र आले.

आता तळाच्या खणातील खऱ्या रहिवाशांकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे, डॉ. सुमती क्षेत्रमाडे, डॉ. कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्या फिरत्या वाचनालयांतून हातोहात जात. या नामावळीत दोन डॉक्टर आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कुसुम अभ्यंकर तर रत्नागिरीच्या आमदारही होत्या. ज्यांनी रोज आजारपणे, बाळंतपणे, घरांतील कुचंबणा पाहिली, त्या स्त्रियांनी रात्री बसून प्रेमकथा लिहाव्यात, याला पळवाट म्हणणे सोपे आहे. आम्हांस त्यात एक प्रकारची शुश्रूषा दिसते. या सर्वच लेखिकांचे सर्वच लेखन टिकाऊ आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते आणि तीही इतर नावांबरोबर, हा न्याय नव्हे.

चंद्रकांत काकोडकरांच्या बाबतीत तर समीक्षेऐवजी न्यायालयालाच वाचन करावे लागले. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. कथेचा वाङ्मयीन दर्जा फारसा उंच नसेलही, परंतु त्यामुळे ती अश्लील ठरत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. निशिकांत या कवी-शिक्षकाच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची ती कथा देशातील सर्वोच्च न्यायासनाने ओळीने वाचली, आणि मग मत दिले. आम्ही मात्र आजींच्या पुस्तकांवर न वाचताच शिक्का मारला होता. योगायोग असा की त्याच १९६९ साली काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट सर्व देशाने डोक्यावर घेतला.

येथवर आम्ही वकिलपत्र घेतल्यासारखे लिहिले. आता दुसरी बाजू मांडली नाही, तर ती वाचकांशी प्रतारणा होईल. या कादंबऱ्यांतील दोष किरकोळ नाहीत. नायकाचा तुसडेपणा हा खोल प्रेमाचा पुरावा मानला जातो, आणि नायिकेची सहनशीलता हा तिचा विजय. अपमान करणारा पुरुष शेवटच्या प्रकरणात एकदा डोळे पुसतो आणि सारे क्षम्य होते. नायक-नायिकांची आडनावे पाहावीत, तर प्रेम कसे नेमके जातीच्या उंबरठ्याच्या आत बहरते, याचे आश्चर्य वाटते. मोलकरीण, ड्रायव्हर, माळी यांना मन असते, याची दखल क्वचितच घेतलेली असते. ज्या वाचक मुलींनी या पुस्तकांतून सासरचा अन्याय हे प्रेमाचे पूर्वरूप मानण्याचा धडा घेतला असेल, त्यांचे नुकसान झाले, हे मान्य केलेच पाहिजे. स्वप्न पाहण्याचा अधिकार मान्य करूनही, स्वप्नात आपण कोणाची चाकरी करीत आहोत, हे विचारणे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

मात्र वाचणाऱ्या स्त्रिया हे जाणत नव्हत्या, असे समजणे ही आणखी एक चूक. पुढच्याच आठवड्यात आम्ही आजींकडे पुन्हा गेलो. “तुमच्या पुस्तकांतली लग्नं फार लवकर लागतात,” असे आम्ही थट्टेने म्हटले. आजी म्हणाल्या, “लागायचीच. त्यांना तिथेच थांबायचं असतं. पुढचं आम्हांला ठाऊक होतं, ते वाचायला कशाला लागतंय? दुपारी तासभर तेवढं लग्नाआधीचं वाचायचं, आणि चार वाजता चहा टाकायला उठायचं.” प्रेमकादंबरीची मर्यादा आणि तिचे सामर्थ्य यांविषयी एवढे नेमके विधान आम्ही कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेले नाही.

‘पुढचे’ लिहिणारी लेखिका मराठीला मिळाली, ती गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांच्या रूपाने. त्यासाठी त्यांनी कादंबरीचा ऐसपैस घाट न घेता दीर्घकथेचा, म्हणजे लघुकादंबरीचा आकार निवडला, यात मर्म आहे. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकात ‘कारावासातून पत्रे’, ‘मध्य लटपटीत’ आणि शीर्षककथा अशा तीन दीर्घकथा आहेत. पुढे ‘तेरुओ आणि कांहीं दूरपर्यंत’ (१९८५), ‘दुस्तर हा घाट आणि थांग’ (१९८९) यांतही दोन-दोन दीर्घकथांची जोडी आहे. कादंबरीला पिढ्या, घराणी, उपकथानके यांचा संसार मांडावा लागतो. कथेला एकच क्षण पुरतो. प्रेमाचे एक वळण, ते येण्यापूर्वीची अस्वस्थता आणि ते ओलांडल्यानंतरची शांतता, एवढे मांडावयाचे तर या दोहोंमधली लांबीच योग्य. गौरीबाईंच्या नायिका विवाहित असतात, आया असतात, वयाने वाढलेल्या असतात. आणि तरीही त्यांना प्रेम हवे असते व स्वातंत्र्यही. ‘तेरुओ’मधील विवाहितेचे जपानी पुरुषावरील प्रेम हे ना पाप म्हणून लिहिलेले आहे, ना बंड म्हणून. अडथळा बाहेर कोठेही नाही. तो प्रेम आणि स्वत्व यांच्या मध्ये आहे. ज्या कथा लग्नापाशी थांबत होत्या, त्या येथे लग्नाच्या पलीकडून सुरू होतात. फडक्यांच्या नायिकेने पुरुषाशी बोलावयास आरंभ केला होता. गौरीबाईंच्या नायिकेने ते बोलणे शेवटपर्यंत नेले.

त्यानंतरची वाट आजच्या वाचकांस परिचित आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४) आणीबाणीच्या काळातील नववीतल्या मुलाचे पहिले प्रेम गंभीर वाङ्मयाचा विषय करून दाखविले. मेघना पेठे यांनी विवाहविधीतील वचनच ‘नातिचरामि’ (२००५) हे शीर्षक म्हणून उचलले. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम जडते, आणि दोघेही आपापली हकीकत आपापल्या परीने सांगतात. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ २०१३ साली पडद्यावर आली आणि त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी नव्या पिढीने ती मागून घेऊन वाचली. प्रेमकथा संपलेली नाही. तिने घर बदलले आहे.

प्रश्न आहे तो आपल्या घराचा. आपल्या कुटुंबांतून मराठी सात-आठ पिढ्या टिकली, याचे श्रेय आपण गायकवाडी राज्याला, शाळांना, मंडळांना, संमेलनांना देतो. २०१८ साली येथे एक्याण्णवावे संमेलन भरले तेव्हाही ते दिले. ते योग्यच आहे. परंतु बाजारात गुजराती, कचेरीत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी अशा शहरात रोज मराठी वाचण्याची सवय कोणी सांभाळली? संमेलन तीन दिवसांचे असते. तळाच्या खणातील पुस्तक रोजचे असते. ज्या घरातील आजी दुपारी कादंबरी वाचीत असे, त्या घरातील नातीला मराठी अक्षर परके वाटले नाही. पुढे काय झाले हे कळण्यासाठी तीही एक दिवस वाकून त्या खणात हात घालीत असे. स्वभाषेच्या अभिमानाने वाचणारे थोडे असतात. उत्सुकतेने वाचणारे पुष्कळ. भाषा बहुतांशी या दुसऱ्यांच्या आधारावर जगते.

याच नगरीत १८९४ साली जन्मलेल्या माधव ज्यूलियनांनी ‘विरहतरंग’ (१९२६) लिहिले, तेव्हा पंडिताने प्रेमकथा लिहावी हे कित्येकांना रुचले नव्हते. आज आपण त्यांचे बडोद्यातील जन्मस्थान अभिमानाने सांगतो. सोवळे-ओवळे काळाबरोबर बदलते. फक्त तोवर पुस्तक शिल्लक राहिले पाहिजे.

आजींच्या कादंबऱ्या शिल्लक राहिल्या नाहीत. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तोवर पस्तीवाला येऊन गेला होता. आमचाच शब्द चिरंजीवांनी प्रमाण मानला होता. एक पुस्तक तेवढे आजींनी उशाखाली ठेवून घेतले होते. त्याचे मुखपृष्ठ आणि पहिली सोळा पाने गळाली होती. “आम्ही चुकलो,” असे आम्ही म्हणालो. त्यांनी ते पुस्तक आमच्या हाती दिले आणि म्हणाल्या, “आता वाचा. चाळू नका. आणि परत आणून द्या.”

ते आम्ही वाचले. कादंबरी थोर नाही. अडथळा बाहेरचा आहे आणि नायक नको तितका तुसडा आहे. पण एका प्रकरणात नायिका स्टेशनवर उभी राहून ठरविते की गाडी आली तरी आपण चढावयाचे नाही, आणि ती चढत नाही. त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. घडी इतकी जुनी की उलगडताच तो तुकडा हातात आला. तो आम्ही त्याच पानात ठेवला आणि पुस्तक परत नेऊन दिले.

वाचकांस विनंती एवढीच. आपले वाडे रिकामे होत आहेत, ते कोणास थांबविता येणार नाही. परंतु पस्तीवाल्याला हाक मारण्यापूर्वी तळाच्या खणातील प्रत्येक पुस्तक एकदा उघडून पाहावे. त्यावर कोणाचे नाव आहे, कोणत्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे, एवढे तरी पाहावे. आणि घरात ते वाचलेले कोणी अद्याप असेल, तर त्यांना आधी विचारावे.